आधी खोके काढा!

आम्हा मराठी माणसांजवळ दृष्टिकोन फार. शेतीविषयी एक, शिक्षणाविषयी दुसरा, साहित्याविषयी तर माणशी दोन दोन. सत्काराच्या सभेत अध्यक्ष उठतात आणि 'या प्रश्नाकडे पाहण्याचा माझा दृष्टिकोन असा आहे' म्हणून पाऊण तास बोलतात. त्या शब्दात 'कोन' नावाची एक चीज आहे आणि आपण कुठे उभे आहोत हे ठरविल्यावाचून तो कोन मोजता येत नाही, याची आठवण ना बोलणाऱ्याला असते ना ऐकणाऱ्याला. अशा अध्यक्षांपुढे हार-नारळाच्या शेजारी एक रिकामे खोके ठेवावे, हातात पेन्सिल द्यावी आणि नम्रपणे म्हणावे, 'साहेब, आपण बसला आहात तिथून हे जसे दिसते तसे काढून दाखवा.' साहेबांचे आभार मानण्याची वेळ लगेच येईल.

खोके म्हटल्याबरोबर काही वाचक गालात हसतील. 2022 सालापासून महाराष्ट्रात या शब्दाला असा काही भाव आला आहे की सरळमार्गी माणसाने तो चारचौघांत उच्चारायची सोय राहिली नाही. त्या खोक्यांशी माझा परिचय नाही. मला म्हणायचे आहे ते साधे, सहा बाजूंचे, पुठ्ठ्याचे खोके: चपलेचे, मिठाईचे, खडूंचे, फार तर काडेपेटीचे. ते डोळ्यांना दिसते तसे कागदावर उतरविण्याचा सराव प्रत्येक मुलाने केला पाहिजे, चित्रकार व्हायचे असो वा नसो. आणि हा सराव आम्ही मुलांच्या शिक्षणातून जवळजवळ हद्दपार केला आहे. दिवाळीच्या फराळात कारल्याची फोड वाढल्यासारखे वाटेल खरे, परंतु हे म्हणणे मला आज मांडायचेच आहे.

मी चित्रकार नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहे आणि सवड मिळेल तशा कादंबऱ्या लिहितो. पण शाळेत ज्याचा तास रिकामा असेल त्याच्या वर्गावर चित्रकलेची तासिका ढकलण्याची आपली उज्ज्वल परंपरा असल्यामुळे, मुलांनी काढलेली घरे पाहण्याचा योग मला पुष्कळ वर्षे आला. घर म्हणाल तर एक चौकोन, त्यावर त्रिकोण. मागे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डाव्या अंगाला नारळाचे झाड. परभणी जिल्ह्यात राहणारी ही मुले! माळवदाच्या, सपाट धाब्याच्या घरात ज्यांचे आजे-पणजे जन्मले, ज्यांच्या गावच्या शिवारात नारळ सहसा औषधाला सापडत नाही, ती मुले कोकणातले घर कुठून काढतात? पुस्तकातून काढतात. माळवदाचे घर हे तर जमिनीवर ठेवलेले आयते खोके. ते रोज डोळ्यांसमोर असते. आणि त्याकडे पाहावे असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आमच्याकडे एक म्हण प्रसिद्ध आहे: 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' साधले तर साधले, नाही तर आहेच आपले गाव! चित्रकलेच्या तासाला हे ब्रीदवाक्य भिंतीवर लावायला हरकत नाही. रेघ पडली तर पडली.

आता कोणी म्हणेल की चित्रकलेची एवढी उपेक्षा कुठे आहे? दरवर्षी राज्यभर शासकीय रेखाकला परीक्षा होतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, संकल्पचित्र आहे, भूमिती आहे. कला संचालनालय 1965 साली स्थापन झाले आणि आज या परीक्षा तेच घेते. मुलेही उत्साहाने बसतात. सारे खरे. पण उत्साहाचे कारणही ऐकून घ्या. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीच्या निकालात 7 गुण वाढतात, ब ला 5, क ला 3. मुलांच्या पदरात गुण पडावेत याला माझा विरोध नाही. आमच्या भागातल्या मुलाला एकेक गुण किती महाग असतो ते मी जवळून पाहतो. पण गुण दिसू लागले की आपल्याकडे जे व्हायचे ते झालेच. परीक्षेच्या आधी आठ-पंधरा दिवस तयार चित्रांची पुस्तके हाती येतात. 'बाजारातील दृश्य' पाठ करायचे, 'पाऊस' पाठ करायचा. स्मरणचित्र म्हणजे आपण पाहिलेले आठवून काढायचे चित्र. त्याचा अर्थ आम्ही दुसऱ्याने काढलेले आठवून काढायचे असा करून टाकला. आणि वस्तुचित्रातले खोकेही पाठ! टेबलावर खोके प्रत्यक्ष मांडलेले असते, मुलगा त्याच्या समोर बसलेला असतो, आणि तरीही तो पुस्तकातलेच खोके काढतो. भाताचे ताट पुढे असताना भाताचे चित्र चाटण्यासारखा हा प्रकार आहे.

यात बिघडले काय ते नीट पाहू. खोक्याला सहा बाजू असतात, पण एका जागेवरून एका वेळी तीनपेक्षा अधिक दिसत नाहीत. कोणत्या तीन दिसायच्या, हे खोके ठरवीत नाही, पाहणारा कुठे आहे त्यावर ठरते. खोके डोळ्याच्या पातळीखाली असेल तर त्याचा माथा दिसतो. ते फडताळात डोक्यापेक्षा उंच ठेवले तर माथा नाहीसा होतो आणि तळ दिसायचा असेल तर तो दिसतो. बरोबर डोळ्यांसमोर धरले की माथाही नाही आणि तळही नाही. सेलू तालुक्यातल्या वालूरच्या बारवेवर किंवा चारठाण्याच्या जुन्या देवळांकडे मुलांना घेऊन जावे. तिथे हे दगडात लिहून ठेवले आहे. बारवेच्या काठावरून खाली पाहिले की पायऱ्यांचे माथे दिसतात. तळाकडे उतरून वर पाहिले की वरच्या पायऱ्यांचे माथे लोपतात आणि नुसत्या उभ्या बाजू उरतात. दगड तेच, पायऱ्या त्याच, आपण हललो.

दुसरी गोष्ट समांतर रेषांची. खोक्याच्या लांब जाणाऱ्या कडा प्रत्यक्षात एकमेकींना समांतर असतात, पण डोळ्याला त्या एकमेकींकडे झुकताना दिसतात आणि वाढवीत नेल्या तर एका बिंदूत मिळतात. खोके सपाट भुईवर असेल तर तो बिंदू बरोबर पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर, क्षितिजरेषेवर असतो. परभणीच्या स्टेशनात फलाटाच्या टोकाला उभे राहून पूर्णेकडे जाणारे रूळ पाहिले तर शाळेत न गेलेल्यालाही हे दिसते. शाळेची मुले याला यथार्थदर्शन म्हणतात आणि व्याख्या न चुकता सांगतात. मग त्यांना खोके काढायला सांगावे. मागची कड पुढच्या कडेपेक्षा लांब निघते. वरच्या कडा तिरप्या आणि तळाची कड मात्र जमिनीसारखी आडवी, कारण खोके जमिनीवर आहे आणि जमीन सपाट असते हे मुलाला ठाऊक आहे! इथे सारे मर्म आहे. मुलगा ठाऊक असलेले काढतो, दिसलेले काढीत नाही. माहितीचा पडदा डोळ्यावर येतो, आणि तो बाजूला सारायला खोक्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही.

हे एकदा हाताला वळले की बाकीचे जग त्यात बसते, ही खोक्याची तिसरी थोरवी. तांब्या काढायचा आहे? आधी तांब्या मावेल एवढे खोके काढा. त्याच्या माथ्याच्या चौकोनात तांब्याचे तोंड बसवा. ते लंबगोल होईल, आणि तांब्या डोळ्याच्या पातळीपासून जितका खाली, तितका तो लंबगोल फुगीर होईल. घराच्या पाख्याची टोकदार आढी कुठे यावी? खोक्याच्या त्या बाजूचे दोन्ही कर्ण काढा; ते जिथे छेदतात तो त्या बाजूचा खरा मध्य, तिथून उभी रेघ वर न्या. पट्टीने मोजून मध्य काढाल तर फसाल, कारण दूरचा अर्धा भाग डोळ्याला लहान दिसतो. रस्त्याकडेचे विजेचे खांब सारख्या अंतरावर दिसायला हवेत? पुन्हा कर्णच उपयोगी पडतो. सेलू-मानवतच्या जिनिंगमधून दाबून निघालेली 170 किलोची रुईची गाठ, मोंढ्यातल्या पोत्यांची थप्पी, एस.टी.ची गाडी, वर्गातला बाक: सारी खोक्याचीच लेकरे.

आक्षेप येतात. पहिला आक्षेप नेहमी बापाचा असतो: 'आमच्या पोराला काय पेंटर व्हायचे आहे?' बरे, मग त्रैराशिक शिकवून त्याला भास्कराचार्य करायचे होते काय? हा बाप बहुधा पोराला आय.टी.आय.मध्ये घालणार असतो. तिथे पहिल्याच वर्षी फिटर होणाऱ्या मुलापुढे एक कागद येतो: एका लोखंडी ठोकळ्याचे समोरून दिसणारे चित्र, वरून दिसणारे चित्र, बाजूने दिसणारे चित्र. तिन्ही जुळवून तो ठोकळा मनात उभा करायचा असतो. ज्याने खोके फिरवून फिरवून काढले आहे त्याच्या मनात तो उभा राहतो. ज्याने ते पाठ केले आहे, तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. गवंड्याच्या पोराचे हेच, सुताराच्या पोराचे हेच. आणि ज्यांना काहीच बांधायचे नाही त्यांनाही कधी तरी घर बांधून घ्यायचे असते. सरकारी घरकुल किमान 25 चौरस मीटरचे असते. एवढ्याशा जागेत चूल कुठे, खिडकी कुठे, दार उघडले की कशावर आपटेल, हे नकाशा पाहून ज्या माउलीला कळेल ती बांधकाम चालू असतानाच बोलेल. जिला कळणार नाही तिला भिंत उभी राहिल्यावर कळेल.

हा बाप अडाणी म्हणून सोडून देता येईल. कायद्याचे काय करायचे? 2009 सालच्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी लिहिले आहे की पट शंभराच्या वर असेल तर कलाशिक्षणासाठी निदेशक द्यावा, आणि तोही अर्धवेळ. म्हणजे ज्या गावाने शंभराहून अधिक लेकरे शाळेत धाडली त्या गावाला अर्धा चित्रकला मास्तर! वाडीवस्तीच्या, तांड्यांवरच्या ज्या शाळांचा पट त्या आकड्यापर्यंत पोचत नाही, तिथल्या मुलांना डोळे नसतात असे कायदेकर्त्यांना वाटले असावे. मोठ्या शहरातले पालक पैसे मोजून शिकवणी लावतात. मग वास्तुशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेत चित्रकलेचा भाग आला की पालम-सोनपेठचा मुलगा आणि पुण्याचा मुलगा यांच्यात बुद्धीचा फरक निघाल्यासारखे दिसते. वस्तुतः फरक असतो तो वेळेवर काढलेल्या पाच-सहाशे खोक्यांचा.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. ते म्हणतात, यथार्थदर्शन ही परकी विद्या आहे. इंग्रजांनी ती आमच्या बोकांडी बसविली. यातला इतिहास खरा आहे. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकाच्या आरंभी ती प्रयोगाने दाखविली, आल्बेर्तीने 1435 साली ग्रंथात मांडली, आणि मुंबईत सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून 1857 साली कलाशाळा निघाली तेव्हा ती इकडे शिकविली जाऊ लागली. आमच्या जुन्या लघुचित्रांत सोंगट्यांचा पट वरून पाहिल्यासारखा आणि खेळणारे बाजूने पाहिल्यासारखे दाखवितात, आणि ते सुंदर दिसते, हेही खरे. पण त्या विद्वानांनी एकदा अजिंठ्याला जाऊन सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात थोडे थांबावे. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात रंगविलेल्या त्या भिंतींवर डोंगर कसे काढले आहेत? खोकी रचल्यासारखे! कडा धारदार, माथा वेगळ्या छटेत, बाजू वेगळ्या छटेत, ठोकळ्यावर ठोकळा. आणि ते ठोकळे चित्रात आत न जाता बाहेर, पाहणाऱ्याच्या अंगावर येतात. फ्लॉरेन्सचा नियम त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी आपला वेगळा नियम केला आणि भिंतभर पाळला. तेव्हा खोके आमचे नाही हे म्हणणे निदान मराठवाड्याच्या माणसाने करू नये. अजिंठ्याचा चितारी ठोकळ्याची कुठली बाजू उजेडात आणि कुठली सावलीत हे पुरते जाणून होता. आमचा विद्यार्थी दोन्ही नियम जाणत नाही, आणि त्याच्या अज्ञानाला आम्ही भारतीय परंपरा म्हणावे काय?

तिसरा आक्षेप रसिकांचा: असल्या घोटून घेण्याने मुलांची कल्पनाशक्ती मरते. हे रसिक गवयाच्या घरी मात्र पहाटे पहाटे चाललेला खर्जाचा रियाज ऐकून डोळे मिटतात. पहिलवानाच्या दंड-बैठकांचे कौतुक करतात. पखवाजाचे बोल हाताने हजारदा काढल्यावाचून भजनात साथ करता येत नाही हे गंगाखेडच्या दिंडीतला लहानसा पोरही सांगेल. मग पेन्सिलीनेच काय पाप केले आहे? पाठांतर आणि रियाज यांत भेद आहे तो हा की पाठ केलेले खोके शंभर वेळा काढले तरी एकच राहते, आणि पाहून काढलेली शंभर खोकी शंभर असतात. खोके जरा फिरविले की नवे. आपण उठून दुसरीकडे बसलो की नवे. कल्पनाशक्ती मारायचीच असेल तर ते दोन डोंगर आणि मधला सूर्य समर्थ आहेत.

चौथा आक्षेप अगदी ताजा आहे. म्हणे आता यंत्राला दोन ओळी सांगितल्या की हवे ते चित्र तयार होऊन पडद्यावर येते. हाताने रेघा ओढीत कोण बसतो? मान्य. हिशेबाचे यंत्र आले म्हणून पाढे सोडले, आणि आता दुकानदार पाच रुपये जास्त घेतो तेव्हा कळत नाही, तशातली ही गत. यंत्राने काढलेल्या चित्रात टेबलाची एक कड एका दिशेला आणि दुसरी भलतीकडे पळत असेल तर ती पकडायची कुणी? ज्याच्या डोळ्याला खोक्याची सवय आहे त्याने. खोटी छायाचित्रे दिवसाला दहा दहा हातात पडण्याचे हे दिवस आहेत. अशा काळात मुलाला पाहायला न शिकविणे म्हणजे चोरांच्या आळीत राहून दाराला कडी न बसविणे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ज्याला आपण मुलांवर संस्कार म्हणतो, त्यातला एक मोठा संस्कार या खोक्यात आहे. वर्गाच्या मधोमध एक खोके ठेवा आणि भोवती चाळीस मुले बसवा. चाळीस वेगळी चित्रे निघतील आणि चाळीसही बरोबर असू शकतील. पण म्हणून वाटेल ते काढलेले बरोबर ठरत नाही. खिडकीशी बसलेल्या मुलीने काय काढायला हवे ते तिच्या जागी जाऊन बसले की कुणालाही पडताळून पाहता येते. दुसऱ्याचे चित्र वेगळे आहे म्हणून ते खोटे नसते, आणि आपले चित्र आपले आहे म्हणून खरे नसते. ही दोन वाक्ये ज्या मुलाच्या हाताला कळली, त्याला लोकशाहीवरचे धडे थोडे कमी दिले तरी चालतील. आणि जो दुसऱ्याच्या पुस्तकातले खोके काढतो, तो दुसऱ्याच्या जागेवरून पाहतो. ती जागा कुठे आहे हेही त्याला माहीत नसते. असा मुलगा मोठा झाला की दुसऱ्याची मते आपली म्हणून बोलतो. सुरुवातीचे अध्यक्षमहाराज असेच तयार होतात.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. पट कितीही असो, प्रत्येक शाळेला पूर्ण वेळ चित्रकला शिक्षक मिळाला पाहिजे. तो मिळेपर्यंत आठवड्याची चित्रकलेची तासिका गणिताच्या किंवा इतिहासाच्या उरल्या अभ्यासासाठी कापता कामा नये. आणि रेखाकला परीक्षेच्या परीक्षकांनी पाठ केलेले चित्र ओळखून त्याला निर्दयपणे कमी गुण द्यावेत. चुकलेले पण पाहून काढलेले खोके दिसले तर त्याची कदर करावी.

शासनाला जाग येईपर्यंत घरी बसून वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. आज दिवाळी आहे. घरोघर मिठाईचे पुडे, नव्या चपलांची खोकी, फटाक्यांची वेष्टने जमली आहेत आणि भाऊबीज झाली की ती उकिरड्यावर जाणार. त्यांतले एक उचलून ठेवा. तेही नसेल तर दोन रुपयांची काडेपेटी पुरे. लग्नपत्रिकेची कोरी पाठ हा उत्तम कागद. खोके थोडे तिरपे, डोळ्यांच्या पातळीखाली ठेवावे. एक डोळा मिटून, हात लांब धरून, झाडूची सरळ काडी कडेशी लावून ती किती झुकते ते पाहावे आणि पट्टी न घेता रेघ ओढावी. उभ्या कडा उभ्या राहू द्याव्यात. मग दूर जाणाऱ्या कडा पट्टीने हलकेच वाढवून पाहाव्यात: एकमेकींकडे येतात ना? पळत असतील तर तांबड्या पेन्सिलीने खूण करावी आणि पुढचे खोके काढावे. रोज वीस. महिन्यात सहाशे होतील. त्यानंतर आजोबांची ट्रंक, आजीचा देव्हारा आणि शेवटी आपले घर, बाहेरून. यंदाच्या सुट्टीत घरातल्या मोठ्यांनीही पोरांच्या पंगतीला बसावे. बाबांच्या खोक्याची मागची कड लांब निघाली की पोरे पोट धरून हसतील आणि त्यात बाबांचे काही नुकसान नाही.

एवढे मात्र सांभाळा. पोर विचारील, 'मी कुठं बसू?' त्याला म्हणावे, 'बस बाबा कुठंही. पण बसलास तिथूनच काढ.'